डाग आधी दाखवायचा

…आणि विणीतला डाग पाहूनही त्या गिऱ्हाइकानं कापडाचं ते थान घेतलंच, हे सांगायचं राहिलं होतं बघा. गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानात चंपतरावांनी तीस वर्षं अशीच काढली. थान उलगडलं की आधी विणीतला दोष दाखवायचा, मग भाव बोलायचा. मालक चरफडायचा, पण गिऱ्हाईक काही दुसऱ्या दुकानाची पायरी चढायचं नाही.

पुढं मनीषनगरात राहायला आल्यावर सून हर्षानं त्यांना राजकारणावरचा ब्लॉग काढून दिला. तिथंही रीत तीच, डाग आधी, म्हणजे विरोधातली कमेंट सगळ्यांत वर. आणि विरोधात कोण, तर पारशिवनीचा नत्थू. त्याचं तोंड कधी पाहिलं नाही, पण सहा वर्षांत त्यानं एक लेख सोडला नाही. "चंपतराव, तुमचा पक्ष दिवसभर चुलीवर ठेवला तरी शिजत नाही," असलं लिहायचा. चंपतराव मांडी थोपटून हसत, मग तासभर उत्तर जुळवत बसत. चहा निवून जाई.

मग नगरसेवकानं वस्तीत म्हाताऱ्यांसाठी बाग केली. चंपतरावांनी भरभरून लिहिलं, नगरसेवकानं तो लेख स्वतः चारशे जणांना धाडला. नत्थूनं विचारलं, "बाग झाली, बेस झालं. संडास कुठाय? या वयात माणूस फिरायले येईन का धावायले? डाग काहून लपवून राहिले?"

एवढ्या कौतुकाच्या डोक्यावर हे कसं ठेवायचं? चंपतरावांनी पहिल्यांदाच कमेंट अडवली. दोन दिवसांनी एक ओळ आली, "माझं लिहिलेलं दिसून नाही राहिलं. राहू द्या." तीही त्यांनी अडवली. त्यानंतर नत्थू आलाच नाही.

आठ महिने झाले. "वा साहेब" येत होते, जोडलेल्या हातांची चित्रं येत होती. चंपतराव मात्र रोज सकाळी नत्थूचं नाव शोधायचे आणि चष्मा काढून ठेवायचे.

"बाबा, कटकट गेली. आता शांत झालं न?" हर्षा म्हणाली.

"शांत नाही वं, सुनं झालं. भिंतीसंग पत्ते खेळून राहिलो मी."

परवा मंगळवारी ते त्या बागेत फिरायला गेले आणि दुसऱ्याच फेरीत पायजमा सावरत घराकडे सुटले.

"आज इतक्या लवकर?" हर्षानं दारातच विचारलं.

"नत्थूनं धाडलं," म्हणत ते आत शिरले.

हात धुऊन तसेच कॉम्प्युटरपुढं बसले. नत्थूच्या दोन्ही कमेंट त्यांनी सगळ्यांत वर लावल्या आणि खाली उत्तर लिहिलं:

"नत्थूभाऊ, संडास नाही. आज मीच धावलो. तुमचं म्हणणं मी आठ महिने दाबून ठेवलं. तीस वर्षांत एक थान असं विकलं नव्हतं. नगरसेवकाले विचारतो, तो काय म्हणते ते इथंच लिहीन. पण ते सोडा. माझ्या मागच्या अकरा लेखांत चुका असतीनच, सांगणारं कोणी नाही. शिव्या द्या, पण या गा."