हळदीतला गॉगलवाला

पेणला पुतण्याच्या हळदीत बेंजो पार्टीत गाणाऱ्या त्या माणसाने माझं डोकं उठवलं होतं. चकचकीत जाकीट आणि काळा गॉगल घालून तो स्पीकरवर चढून नाचत होता, आणि अख्खा मांडव त्याच्यामागे ओरडत होता.

पुढच्या आठवड्यात मी गणपती ठरवायला जवळच्या जोहे गावी गेले, तर मूर्तींच्या कारखान्यात तोच माणूस श्वास रोखून मूर्तीचे डोळे आखत बसला होता. मी ओळख दिली, तेव्हा मान खाली घालून हसला. माझ्याकडे बघेचना.

"मांडवात गॉगल कशाला हो घालता?"

"लोकांचे डोळे दिसले की गाणं विसरतो, ताई."

"मग इथे? इथे तर चहूकडे डोळेच आहेत."

त्याने ब्रश हळूच रंगात बुडवला.

"हे मीच आखलेत ना. यांची भीती नाय वाटत."