इरकलीवरची उडी

२०१५ सालातल्या एका रविवारी, शेवटच्या शर्यतीत, सिंगापूरच्या क्रांजी मैदानावर एका घोड्याने अंतिम रेषेच्या जरा अलीकडे, समोर काहीही आडवे नसताना, उडी मारली. घोड्याचे ट्रेनर आमच्या वुडलँड्सच्या ब्लॉकमधले, सातव्या मजल्यावरचे काका होते. सपाट जमिनीवरून सरळ चालणे ज्याला कधीच जमले नाही, असा दुसरा माणूस या बेटावर झाला नसावा.

काका मूळचे कोल्हापूरचे. तरुणपणी घोड्यांच्या मागे न्यूझीलंडला गेले आणि उमेदीची सगळी वर्षे अडथळ्यांच्या शर्यतींत जॉकी म्हणून काढली. नावाजलेले जॉकी ज्या घोड्यांवर बसायला नकार देत, ते काकांच्या वाट्याला येत. त्यामुळे जिंकणे क्वचित आणि पडणे नेमाने. आपली मोडलेली हाडे ते, जिथे मोडली त्या गावांच्या नावांनी ओळखत. लिफ्टमध्ये भेटले की मनगट चोळत सांगत, "छत्री घे. ऑकलंड ठणकतंय." पुढे ट्रेनर होऊन ते सिंगापुरात आले. इथे अडथळ्यांच्या शर्यती नसतातच, पण सवय राहिली. एमआरटी म्हणजे इथल्या मेट्रोच्या स्टेशनातल्या सरकत्या जिन्याकडे ते लांबूनच डोळे बारीक करून पाहत, चाल कमीजास्त करत आणि पहिल्या पायरीवर बरोबर डावा पाय टाकत. मध्येच कोणी आडवे आले, तर मागे जाऊन पुन्हा सुरुवात. एकदा हॉकर सेंटरच्या, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या, ओल्या फरशीवर मी आपटलो, तेव्हा मला उठवण्याआधी त्यांनी माझी चूक दाखवली. "हात कशाला पुढं केलास? खांदा आत घ्यायचा आन् गोल व्हायचं. पडायचंच हाय तर नीट पड की." सोबतच्या काकू शांतपणे म्हणाल्या, "लग्नाच्या वेळी माझ्या बाबांनी विचारलं होतं, मुलगा काय करतो? हे म्हणाले, पडतो."

त्या वर्षी काकांच्या तबेल्यात एकच घोडा उरला होता. तोआ पायोहमध्ये फरश्यांचे दुकान असलेल्या एका चिनी गृहस्थांचा. घोडा वेगवान होता, पण संध्याकाळच्या शर्यतीत प्रेक्षागृहाच्या छपराची सावली जिथे मैदानावर आडवी पडे, तिथे तो दचके, अडखळे आणि वेडीवाकडी उडी मारी. मालक कंटाळले. इथल्या बोलीतले 'लाह' हे शेपूट लावत ते म्हणाले, "अंकल, मी घोडा रेससाठी घेतला, सर्कससाठी नाही लाह. रविवारी हरला तर दुसऱ्या ट्रेनरकडे." घोडा गेला की तबेला रिकामा. रिकाम्या तबेल्याला लायसन्स नाही, आणि लायसन्स नसेल तर सिंगापुरात राहायचा पास नाही. काकूंनी कपाटावरच्या बॅगा उतरवून पुसून ठेवल्या.

बाकीचे ट्रेनर अशा घोड्याच्या नाकावर लोकरीची जाड पट्टी बांधतात. मग त्याला खालची सावली दिसत नाही. काका तयार होईनात. "डोळं झाकून कोण शिकलंय? त्याला उडीच मारायची हाय ना, मग अंतर बघून मारू दे." सरावासाठी सावलीसारखी लांब, काळी पट्टी हवी होती. ती घरात होती. काकूंची लग्नातली काळी इरकल. तबेल्यामागच्या वाळूत ती घडी घालून आडवी अंथरली जाई, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून तिचे एक टोक काकू स्वतः धरून उभ्या राहत. पहिल्याच दिवशी घोड्याने तिच्यावर पाय दिला. त्या दिवशी काकू काकांशी बोलल्या नाहीत. घोड्याने पुन्हा कधी पाय दिला नाही.

रविवारी दुपारी आभाळ भरून आले. मालक खूश. "ढग आहेत, सावली नाही. आता तो सरळ पळणार." काका कठड्याला धरून वर पाहत होते. "जरा ऊन पड रे बाबा," ते पुटपुटले. अख्ख्या मैदानात ऊन मागणारे ते एकटेच असावेत.

शर्यत सुटली. शेवटच्या वळणावर आमचा घोडा दुसरा होता, पुढच्या घोड्यापासून एक लांबी मागे, आणि ते अंतर तुटत नव्हते. तेवढ्यात ढग सरकला. मैदान लख्ख झाले आणि छपराची काळी रेघ घोड्यांच्या समोर उमटली. पुढचा घोडा बिचकला, त्याने मान वर टाकली. "लगाम सैल सोड!" काका मराठीत ओरडले. जॉकी मात्र ऑस्ट्रेलियन होता. पण त्याला हे आधीच शंभरदा इंग्रजीत सांगून झाले होते. त्याने हात पुढे सोडले. आमच्या घोड्याने लांबूनच अंतर जोखले, दोन पावले आखूड केली आणि वेग जराही न मोडता तो उठला. मालकांनी डोळे मिटून घेतले. काकूंची मूठ, साडीचे टोक धरल्यासारखी, घट्ट मिटलेली होती. घोडा रेघेच्या पलीकडे उतरला तेव्हा पुढे कोणी नव्हते. मानेएवढ्या फरकाने तो जिंकला.

"सर्कस, लाह," मालक काकांना मिठी मारत म्हणाले.

घोडा काकांकडेच राहिला. लायसन्सची मुदत वाढली. काही वर्षांनी घोडा निवृत्त झाला आणि त्याच्या पाठोपाठ काकाही. ते दोघे कायमचे कोल्हापूरला निघाले तेव्हा आम्ही त्यांना पोचवायला चांगी विमानतळावर गेलो. सरकत्या जिन्यापाशी काका थांबले, डोळे बारीक केले, मागे आले. काकू बॅगा धरून उभ्या राहिल्या. त्या काळी इरकल नेसल्या होत्या. निऱ्यांवर घोड्याच्या नालेच्या आकाराची एक जागा काळ्या दोऱ्याने रफू केलेली होती.