ग्रेस मार्कांचा डाव

लातुरात कशाचीही लायकी ठरवायची तर परीक्षा घेतात. त्यामुळे तिथल्या एका कोचिंग क्लासच्या संचालकांनी बुद्धिबळाचा प्रोग्राम विकत आणला, तेव्हा त्याचीही परीक्षा ठरली. प्रश्नपत्रिका म्हणून मला बसवलं.

मी नांदेडचा. जिल्ह्याचा चॅम्पियन, आणि दर रविवारी एसटीने येऊन त्यांच्या क्लासात मुलांना बुद्धिबळ शिकवणारा. प्रोग्राम जिल्हा चॅम्पियनला हरवतो का, हे पालकांसमोर बघायचं होतं. हरवत असेल तर एसटीने येणारा माणूस कशाला पोसायचा, हे कोणी बोललं नाही, पण मला नीट ऐकू आलं.

पहिला डाव मी हरलो. दुसरा त्याहून लवकर हरलो. लॅपटॉप गार, आणि मी फॅनखाली बसून घामाघूम. पुढच्या बाकावरचे एक डाळमिलवाले पालक शेजाऱ्याला म्हणाले, "सर लई विचार करायलेत की. मशीन तर करंना बी." सगळे हसले. मला त्यांचा आणि मशीनचा सारखाच राग आला.

संचालकांनी चहा सांगितला. चहानंतर तिसरा डाव. आणि काय सांगू, मशीनने आपला वजीर माझ्या घोड्याच्या माऱ्यात आणून ठेवला! फुकटात. एवढ्या ताकदीचा खेळाडू वजीर का देईल, हा प्रश्न माझ्या वर्गातल्या सगळ्यात लहान पोरालाही पडला असता. मला पडला नाही. माझ्याच सापळ्यात सापडलं असं समजून मी पालकांकडे बघत मान डोलावली, वजीर मारला आणि यथावकाश मात केली. टाळ्या पडल्या. डाळमिलवाल्यांनी उठून हात मिळवला. खरं सांगतो, जिल्हा जिंकलो तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता.

पालक गेल्यावर संचालकांनी खांद्यावर हात ठेवला.

"सर, वाईट वाटून घेऊ नका. चहाच्या टायमाला मीच लेव्हल कमी केलो. नापास सर क्लासात बरा दिसत न्हाई. आपल्याकडं ग्रेस देतेतच की."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. प्रामाणिकपणावर काहीतरी सणसणीत सुनवावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "पुढच्या रविवारी नवे पालक यायलेत. लेव्हल किती ठिवू?"

"आजच्याएवढीच," मी म्हणालो, आणि नांदेडची एसटी पकडायला निघालो.