उदयसिंहाची उंच जीप

फौजेत हयातभर गाड्या दुरुस्त करून औंधात गॅरेज टाकलेल्या लालासाहेबांना उदयसिंहाची उंच केलेली जीप डोळ्यांसमोर नको व्हायची. उसाच्या फडाकडं ती कधी वळली नव्हती, तरी तिच्या धक्के झेलणाऱ्या शॉकअपमधून पुन्हा तेल गळत होतं. उदयसिंह रस्त्यांना शिव्या घालत होता.

लालासाहेब गाडीखाली शिरले. स्प्रिंगा उंच बसवलेल्या, शॉकअप मात्र जुनेच, आखूड. गाडी नुसती उभी असतानाच ते पार ताणलेले.

"लांब शॉकअप टाक, न्हाईतर गाडी खाली घे."

"खाली कशी घिऊ नाना? चुलतभावानं परवाच त्याची वर घेतलीया. माझी आजून वर करा."

लालासाहेबांनी पाना ठेवून दिला.

"मग पाण्याच्या टाकीवर जाऊन बस, गड्या. समदी भावकी खाली दिसंल, आन् शॉकअपबी लागायचं न्हाईत."