मंदावहिनींनी कधीच न ढकललेला चोक

बजाजनगरात आमच्या मागच्या गल्लीतून रोज सकाळी एक गाडी खोकायची. आधी खोकायची, मग घसा खाकरायची, मग अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी गरजायची आणि थोड्या वेळानं एकदम शहाण्यासारखी गुरगुरत उभी राहायची. तो आवाज ऐकला की मी चहाचं आधण ठेवायचो. दिवाळीनंतर थंडी पडली आणि एका सकाळी आवाजच आला नाही. बॅटरी उतरली असेल, असं म्हणत मी गॅलरीत उभा राहिलो, तेवढ्यात फोन वाजला. दादाचा होता. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. अर्धांगाचा झटका आल्यापासून तो फोनवर बोलायचं टाळतो, जीभ जड पडते म्हणून. तो एवढंच म्हणाला, "ये... मंदा उठत नाही."

वहिनी झोपेतच गेल्या होत्या. आता महिना उलटून गेला. भेटायला येणारे म्हणतात, नवऱ्याचं किती केलं हो बाईनं. केलंच, त्यात काय शंका. पण मला ती सोशिक बाई काही आठवत नाही. मला आठवतात त्या साडीचा पदर खोचून बॉनेटमध्ये डोकं घातलेल्या, नाकाच्या शेंड्याला ग्रीस लागलेल्या आणि गल्लीभर ओरडणाऱ्या मंदावहिनी. "भाऊजी, ठिणगी आली! बघा की, ठिणगी आली!"

ही गाडी दादाची. वाळूजच्या कंपनीत नोकरीला असताना त्यानं जुनी घेतलेली, पांढरी, चिमुकली, एके काळी प्रत्येक गल्लीत एक तरी दिसायची त्या जातीची. दादानं तिला जिवापाड जपलं. वहिनींना तिच्या काचेवर हातसुद्धा ठेवू द्यायचा नाही, ठसे उमटतात म्हणून! मग झटका आला, त्याची उजवी बाजू लुळी पडली आणि गाडी दारातल्या कडुनिंबाखाली उभी राहिली ती राहिलीच. पाला साठला, टायर बसले, मांजरीनं टपावर संसार थाटला. इकडे दादाचंही तेच झालं. शहराच्या छावणी भागातल्या व्यायाम केंद्रात रोज न्या, नाहीतर हात कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दोनदा रिक्षानं नेलं. दोन्ही वेळा भर चौकात चार माणसांनी काखेत हात घालून त्याला पोत्यासारखं आत चढवलं. दुसऱ्या खेपेला घरी आल्यावर तो भिंतीकडे तोंड करून झोपला आणि म्हणाला, "बास." त्यानंतर त्यानं उंबरा ओलांडला नाही. हात आखडत चालला होता, माणूसही.

मग एक दिवस दादानं खुणेनंच गाडी भंगारात द्यायला सांगितलं. भंगारवाला दोर घेऊन आला, तर वहिनी आधीच गाडीत जाऊन बसलेल्या! दार आतून बंद, काच वर, मांडीवर निवडायची मेथी. तो बिचारा काचेवर टकटक करतोय आणि ह्या निवांत पानं खुडताहेत. शेवटी काच बोटभर खाली घेऊन म्हणाल्या, "जा भाऊ तुमी. ही गाडी इकायची नाय. ह्यांना छावणीला न्यायचंय."

मला वाटलं, रागाच्या भरात बोलल्या असतील. संध्याकाळी त्या माझ्या दारात हजर. "भाऊजी, बॅटरी घेऊन उद्या या." वहिनी मूळच्या सोयगावच्या, घरची शेती, आणि लग्नाआधी वडिलांचा ट्रॅक्टर त्यांनी मनसोक्त चालवलेला. इंजिन म्हटलं की त्यांचे डोळे कसे चमकायचे, ते मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा पाहिलं.

पुढचे दिवस आठवले की अजूनही मला हुरूप येतो! मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो आणि घरात नुसता लुडबुडत होतो. आम्ही दोघं सकाळी जी त्या गाडीला भिडायचो ते जेवायची हाक येईपर्यंत. हवेच्या फिल्टरचा डबा उघडला तर आत उंदरांचा वाडा, आणि त्यात अंथरलेला दादाचा लोकरी मफलर. "ह्यो हितं व्हय!" वहिनी हातभर उडाल्या. "दोन हिवाळे हुडकत होते मी!" टाकीतल्या पेट्रोलला जुनाट काढ्याचा वास येत होता. मागचं एक चाक ब्रेकला असं चिकटलेलं की आम्ही दोघांनी मिळून ढकललं तरी जागचं हलेना. पायाखालचा पत्रा गंजून त्यातून खालची जमीन दिसत होती. मी कपाळावर हात मारला, तर म्हणतात, "बरंच हाय की, खड्डे आधी दिसतील!"

मोठ्या कामांसाठी आम्ही अझीझभाईंना बोलावलं. रस्त्यापलीकडेच त्यांचं गॅरेज. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकाला लाथ घातली आणि मान हलवली. "भाभी, नक्को. इसमें जान बाकीच नई."

"जानेचं मी बघते," वहिनी म्हणाल्या, "तुमी कार्ब्युरेटर बघा."

अझीझभाईंना हसू आवरेना. त्या हसण्यातच ते अडकले. कार्ब्युरेटर खोलून धुतला, बारीक तारेनं त्याची भोकं साफ केली, ब्रेक सोडवले, पत्र्याला पत्रा जोडला. ठिणगी पाडणारे प्लग आणि पॉइंट मात्र वहिनींनी कुणाला हात लावू दिले नाहीत. पॉलिश पेपरनं घासून घासून त्यांनी ते लखलखीत केले. प्लग पत्र्याला टेकवून मला चावी फिरवायला लावली आणि ती निळी ठिणगी उडाली... मघाशी सांगितलं ते ओरडणं तेव्हाचं.

गाडी ज्या दिवशी सुरू झाली त्या दिवशी मी अक्षरशः नाचलो, साठीच्या घरात आलेला माणूस! अझीझभाईंनी टाळ्या पिटल्या. वहिनी ग्रीसच्या हातांनीच आत धावल्या दादाला सांगायला. खिडकीतून मला त्याचा आवाज ऐकू आला, जड आणि तुटक. "विक ती. मी... नाही बसणार." वहिनी बाहेर आल्या त्या हात पुसत. ज्या गाडीचं स्टिअरिंग त्यानं कधी कुणाला दिलं नाही, तिच्यात बायकोच्या शेजारी गाठोड्यासारखं बसायचं, हे त्याला रिक्षाहून वाईट वाटत असणार. मला तर वाटलं, संपलं सगळं.

वहिनी थेट आरटीओत गेल्या. त्यांनी शिकाऊ लायसन काढलं. मैदानावर मी शेजारी बसून जीव मुठीत धरायचो. बाकी सगळं त्यांना झटकन जमलं, पण एक सवय जाता जाईना. दर थोड्या अंतरावर त्या खांद्यावरून मागं वळून बघायच्या. ट्रॅक्टर चालवताना नांगर सरळ चाललाय ना, हे बघायची सवय ती! "वहिनी, मागं नांगर नाहीये, पुढं बघा!" मी किंचाळायचो. "व्हय हो," म्हणायच्या, आणि परत वळायच्या. पक्कं लायसन मिळालं, गाडीचं पासिंगही झालं, तरी ती सवय शेवटपर्यंत राहिली.

आणि मग त्यांनी ते सुरू केलं. रोज सकाळी दादाच्या खिडकीखाली गाडी चालू करायची, चोक बाहेर ओढून. जुन्या गाड्यांत स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला ही काळी खुंटी असते. ती ओढली की थंड इंजिनला जास्तीचं पेट्रोल मिळतं. गाडी जरा तापली की खुंटी लगेच आत ढकलायची, नाहीतर इंजिन बोंबलत राहतं, काळा धूर ओकतं. वहिनी ढकलायच्याच नाहीत. शांतपणे बसून राहायच्या. शेजारीपाजारी खिडक्या लावून घ्यायचे. मी एकदा चोक ढकलायला गेलो तर माझ्या हातावर फटका बसला.

असे किती दिवस गेले, देव जाणे. एका सकाळी खिडकीतून आवाज आला. स्पष्ट, खणखणीत, जुना दादा! "मंदे! चोक! चोक आत ढकल!"

वहिनींनी कानामागं हात धरला. "काय म्हन्ता? आयकू येत नाय!"

"चोक!"

"कुठंय त्यो? मला घावंना. या की दावायला!"

आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मी धावणार, तेवढ्यात वहिनींनी डोळ्यांनीच थांबवलं. काठी टेकत, भिंत धरत, शिव्या घालत दादा दारात आला. अनवाणी, अंगात नुसता बनियन. डाव्या सीटवर धपकन बसला, चांगला डावा हात आडवा घातला आणि चोक ढकलला. इंजिन गप्प होऊन गुरगुरायला लागलं. त्याच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी समाधान दिसलं... आणि त्याला काही कळायच्या आत वहिनींनी गिअर टाकला! फाटकातून गाडी बाहेर, मागं वळून एक नजर, आणि भुर्रकन छावणीच्या दिशेला! मी त्याचा शर्ट आणि चपला घेऊन स्कूटरवरून मागं सुटलो, तो थेट नगर नाक्यावर त्यांना गाठलं. बनियनमधला दादा खिडकीतून ओरडत होता, "क्लच अर्धा दाबून ठेवू नको!"

नंतर मी वहिनींना विचारलं, खरंच चोक सापडत नव्हता का? "ट्रॅक्टरला असतो का चोक, भाऊजी?" म्हणाल्या आणि पदरात तोंड घालून हसत सुटल्या.

तेव्हापासून गाडी रोज छावणीला. ऊन असो, पाऊस असो. वहिनी ओढणार, दादा ढकलणार, हा नेम पडला. त्यांनी स्वतः तो चोक एकदाही आत ढकलला नाही. पुढं व्यायामवाल्या ताईंनी उजव्या हातानं कामं करायला सांगितलं, तसा वहिनींनी नवा हट्ट धरला. "आज उजव्यानं." दादाचा उजवा हात थरथरत गिअरच्या दांड्यापर्यंत यायचा आणि तिथंच गळायचा. गाडी बोंबलत असायची, वहिनी वाट बघत असायच्या. मग तो डाव्या हातानं ढकलायचा. "उद्या," त्या म्हणायच्या.

त्या गेल्या आणि दादानं परत भिंतीकडे तोंड केलं. तेरावा झाला तरी उठेना. छावणी बंद, बोलणं बंद. मला भीती वाटायला लागली की वहिनींनी एवढ्या खटपटीनं बाहेर काढलेला माणूस त्यांच्यामागोमाग जाणार. समजूत घालणं मला जमत नाही. मी सरळ चावी घेतली आणि गाडीत जाऊन बसलो. सीटवर त्यांची जाड उशी तशीच होती. वहिनी बुटक्या, तिच्याशिवाय त्यांना रस्ता दिसायचा नाही. माझं डोकं टपाला लागलं. मी चोक ओढला, चावी फिरवली आणि बसून राहिलो.

गाडी खोकली, गरजली. काळा धूर खिडकीपर्यंत गेला. खिडकीत कुणी आलं नाही. पेट्रोलच्या वासानं माझे डोळे चुरचुरायला लागले... वासानं म्हणा, नाहीतर कशानं म्हणा. आता इंजिन बंद पडतंय, असं वाटून मी खुंटीकडे हात नेला आणि काठीचा आवाज आला.

दादा आला. शर्टाची बटणं लावलेली, पायात चपला. बसला. माझ्याकडे बघितलं नाही. मग त्याचा उजवा हात मांडीवरून उठला, थरथरत गिअरच्या दांड्याशी आला, क्षणभर थांबला आणि पुढं सरकला. बोटं खुंटीला टेकली. ढकलायचं बळ मात्र त्यांच्यात नव्हतं. मी दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरून बसलो. मग त्यानं डावा हात आणला, उजव्या हातावर ठेवला आणि दोन्ही हातांनी चोक आत ढकलला.

इंजिन शांत झालं. गल्लीही. मी मान वाकवून बसलो होतो, म्हणून उशी काढायला उठलो, तर तो म्हणाला, "राहू दे ती." आणि मग, "नाक्यावर गर्दी होईल. चल."

मी गिअर टाकला, टपाखाली मान तशीच वाकवून एकदा मागं वळून बघितलं आणि गाडी फाटकाबाहेर काढली.