सातव्या अंकाचं शेवटचं पान

फुगेवाल्यांना उभ्या आयुष्यात एकच माणूस खुपला, आणि तो माणूस त्यांच्याशी कायम चांगला वागला. खरं दुखणं हेच होतं. शिव्या देणाऱ्याला चार शिव्या हासडून मोकळं तरी होता येतं. हसून चौकशी करणाऱ्याचं काय करायचं?

आता फुगेवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. तरुणपणी ते एका छापखान्यात कामाला होते. तिथून दर महिन्याला मुलांसाठी कॉमिकचा एक अंक निघायचा. मुखवटा घातलेला नायक, दाढीवाला खलनायक, घोडे, पूल, स्फोट, असा सगळा मालमसाला. चित्रं काढायचा चित्रकार. पात्रांच्या तोंडातून निघणारे पांढरे फुगे आणि त्यातली अक्षरं हे काम यांचं. पातळ कागदावर निबने संवाद लिहायचे, फुग्याच्या आकारात ब्लेडने कापायचे, रबर सोल्युशन लावून चित्रावर चिकटवायचे, आणि मग फुग्याची शेपटी बरोबर त्या पात्राच्या तोंडाकडे वळेल अशी शाईने काढायची. सगळा छापखाना त्यांना फुगेवाले म्हणायचा. मालकसुद्धा.

फुगेवाल्यांच्या टेबलावर पंखा होता, पण लावायची सोय नव्हती. वाऱ्याची एक झुळूक आली की अख्ख्या पानाचे संवाद खोलीभर उडायचे. एकदा तर खलनायकाची धमकी चहाच्या कपात सापडली होती. म्हणून भर उन्हाळ्यात, मनगटाखाली रुमाल ठेवून, घाम टिपत ते लिहीत बसायचे. समोरच्या काचेच्या खोलीत चित्रकार पंख्याखाली बसायचा. त्याचे केस भुरुभुरु उडायचे. फुगेवाल्यांना त्या केसांचासुद्धा राग यायचा.

चित्रकाराने स्कूटर घेतली, तेव्हा यांना दोन दिवस जेवण गेलं नाही. चित्रकाराला ताप आला, तेव्हा हे भेटायला गेले, उशाशी बसले, आणि घरी येऊन बायकोला म्हणाले, "काही विशेष नाही गं, उतरेल उद्या." बायको म्हणाली, "मग तोंड का पडलंय तुमचं?"

सातव्या अंकाच्या वेळी सगळं विकोपाला गेलं. मालकांनी दोघांना बोलावलं. अंक खपतोय, म्हणाले, आता कव्हरवर चित्रकाराचं नाव घालू. मोठं. फुगेवाले, तुमच्या झकास अक्षरात काढा. फुगेवाल्यांनी दोन दिवस खपून, लाल रंगात, दुसऱ्याचं नाव काढलं. मग घसा खाकरून विचारलं, "आत कुठेतरी, बारीक अक्षरात, माझंही नाव..."

"फुग्यावर नाव कुठं असतं हो?" मालक म्हणाले आणि हसले. चित्रकारही हसला. तो हसलाच नव्हता असं कोणी कितीही सांगितलं, तरी फुगेवाल्यांनी ते मरेपर्यंत मानलं नसतं.

त्या अंकाचं शेवटचं पान म्हणजे चित्रकाराने आजवर काढलेलं सर्वांत देखणं पान होतं. पूर्ण पानभर एकच चित्र. पुलावर खलनायक उताणा पडलाय, त्याच्या छातीवर पाय देऊन नायक उभा, मूठ आभाळात. खलनायकाच्या तोंडी होतं, "सोड मला! माझी आई घरी वाट बघत असेल!" आणि नायकाच्या तोंडी, "चालता हो गावातून!"

जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे घेऊन बाहेर गेले. फुगेवाल्यांनी डबा उघडलाच नाही. त्यांनी दोन्ही फुगे सोडवले, संवाद नव्या मापात पुन्हा लिहिले, आणि अदलाबदल करून चिकटवले. शेपट्या नव्याने काढल्या. आता छातीवर पाय देऊन उभा असलेला तो बहाद्दर मूठ उगारून आईकडे जायला गयावया करत होता, आणि खाली पडलेला दाढीवाला त्याला गावातून हाकलत होता. फुगेवाल्यांना हसू आवरेना. रुमाल तोंडात कोंबून ते एकटेच हसले.

अंक बाजारात गेला आणि हलकल्लोळ झाला. पोरं ते पान वर्गात मोठ्याने वाचू लागली, पालकांची पत्रं आली. मालकांनी दुकानांतून अंक परत मागवले आणि सगळे लगद्याला पाठवले. फुगेवाले मान खाली घालून "चूक झाली" म्हणाले. नोकरी गेली नाही, पण कॉमिकचं काम हातातून गेलं. पुढची अकरा वर्षं त्याच छापखान्यात त्यांनी औषधांच्या खोक्यांवर 'जेवणानंतर दोन गोळ्या' लिहिलं. मग कॉम्प्युटर आला आणि तेही गेलं. लगद्याला जाणाऱ्या गठ्ठ्यातून त्यांनी एक सातवा अंक तेवढा शर्टाच्या आत घालून घरी आणला होता. तो कपाटात, चादरींच्या खाली, चव्वेचाळीस वर्षं पडून राहिला.

मधल्या काळात एक अजब गोष्ट झाली. ती पोरं मोठी झाली, कमवायला लागली, आणि लहानपणीचे अंक शोधत फिरू लागली. ज्या अंकांत भाजी बांधून यायची त्यांना भाव आला. पहिला अंक नव्या सायकलीच्या किमतीला गेला. मग कोणीतरी चकचकीत कागदावर नवी आवृत्ती काढली आणि जुन्या अंकांचे भाव धाडकन पडले. पडला नाही तो फक्त सातवा. कारण नव्या आवृत्तीत शेवटचं पान दुरुस्त केलेलं होतं. उलट्या फुग्यांचं पान हवं असेल, तर लगद्यातून वाचलेल्या मूठभर अंकांतलाच एक गाठायला हवा. त्याचा भाव सायकलीवरून स्कूटरवर गेला. फुगेवाले हे भाव रोज बघायचे आणि घरभर ऐकवायचे. बायको म्हणायची, "तो अंक विका आणि स्वयंपाकघराच्या भिंतीची ओल काढा एकदाची. पापुद्रे पडतात पातेल्यात."

विकायचं असं ठरलंही होतं. पण एका रविवारी बायकोने पेपरातून चित्रकाराची मुलाखत वाचून दाखवली. ते पान चुकलं होतं का, या प्रश्नावर चित्रकार म्हणाला होता, "नाही. ते मी मुद्दाम केलं. नायक आणि खलनायक यांच्यात शेवटी फरक उरत नाही, हे मला दाखवायचं होतं."

फुगेवाल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. "नाव घेतलं, केस घेतले, स्कूटर घेतली," ते ओरडले, "आता माझी चूकसुद्धा घेतली!"

"केस कसे घेतले?" बायकोने विचारलं, पण ते ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. पुढच्याच आठवड्यात जुन्या कॉमिक्सचं प्रदर्शन होतं आणि चित्रकार तिथे सह्या द्यायला बसणार होता. चारचौघांत त्याला खोटं पाडायचं आणि ते पान आपलं आहे हे वदवून घ्यायचं, मगच अंक विकायचा, असं ठरवून ते निघाले.

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये ओळीने टेबलं होती आणि प्रत्येक अंक प्लास्टिकच्या पिशवीत होता. जुन्या अंकांच्या व्यापाऱ्याने हातमोजे घालून फुगेवाल्यांचा सातवा अंक उघडला. कोपरे बघितले, पिना बघितल्या, पानाचा वास घेतला. "उघडलेलाच दिसत नाही," तो म्हणाला आणि त्याने जी किंमत सांगितली तिच्यात एक काय, चार भिंती झाल्या असत्या. "आणि शेवटच्या पानावर चित्रकारांची सही आणलीत तर दीडपट. पेन नीट धरायला सांगा फक्त. जास्तीचा एक ठिपकाही नको."

फुगेवाले रांगेत उभे राहिले. रांग लांब होती. एखाद-दुसऱ्याच्या हातात सातवा अंक होता. बाकीच्यांना तो परवडला नव्हता, त्यांच्या हातात त्या पानाची नुसती झेरॉक्स होती. टेबलामागे चित्रकार बसला होता. केस पार गेले होते. फुगेवाल्यांना क्षणभर इतकं बरं वाटलं की बोलायचं काय ठरवलंय ते विसरायची वेळ आली.

त्यांचा नंबर आला. चित्रकाराने वर पाहिलं आणि तो खुर्चीवरून उठलाच. "फुगेवाले! अरे, किती वर्षांनी! बस, बस."

"बसत नाही," फुगेवाले म्हणाले. "पेपरात वाचलं. ते पान तू मुद्दाम केलंस म्हणे."

चित्रकार खाली बसला. मागच्यांना त्याने हाताने जरा थांबायची खूण केली आणि आवाज खाली आणला. "मुद्दाम तू केलंस."

फुगेवाल्यांनी अंक छातीशी धरला.

"मला तेव्हाच कळलं होतं," चित्रकार म्हणाला. "लांब संवादाचा फुगा मोठा होता आणि आखूडचा छोटा. नुसते चुकून बदलले असते तर जागेत बसलेच नसते. तू दोन्ही पुन्हा लिहिलेस. शेपट्या नव्याने काढल्यास, माझ्या रेषांना धक्का न लावता. एवढी मन लावून चूक कोण करतं? मालकांना सांगितलं असतं तर त्याच दिवशी घरी बसला असतास."

म्हणजे तेव्हाही हाच चांगला वागला होता. फुगेवाले चव्वेचाळीस वर्षांत कधी नव्हे ते खरं बोलून गेले. "कव्हरवर तुझं नाव आलं म्हणून केलं. जळफळाट झाला होता माझा. आत्ताही होतोय."

मागे उभे असलेले दोघंतिघं ऐकत होते. त्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. ते खो-खो हसले. चित्रकार हसला नाही. त्याने टेबलाच्या कडेला बोट दाखवलं. तिथे त्याच्या मूळ चित्रांचा गठ्ठा होता. घोडे, पूल, समुद्र, दिवस दिवस बसून काढलेले. किमतीच्या चिठ्ठ्यांवर आधीचा आकडा खोडलेला, त्याखालचाही खोडलेला.

"त्रेचाळीस अंक काढले मी," तो म्हणाला. "सकाळपासून एकाने तिकडे वळून बघितलं नाही. सगळ्यांना हेच पान हवं. आणि ह्या पानावर माझं चित्र बघून कोणी थांबत नाही, तुझे फुगे वाचून हसतात. त्या पेपरवाल्याने विचारलं तेव्हा काय सांगू? माझ्या सगळ्यात चांगल्या पानावर लोकांना आवडतं ते दुसऱ्याने केलंय? रोज तुझ्या विनोदाखाली सही करतो मी. हेवा वाटतो रे मला तुझा."

फुगेवाले उभ्या जागी सुखावले. अगदी हलकट, भरपेट सुख. एवढी वर्षं ज्याच्यासाठी तळमळले ते वाक्य कानात पडलं होतं, आणि ते त्यांना पुन्हा एकदा ऐकायचं होतं. "काय म्हणालास?" त्यांनी विचारलं.

"ऐकलंस तू," चित्रकार म्हणाला. त्याने सातव्या अंकाचं शेवटचं पान उघडलं आणि पेन फुगेवाल्यांपुढे धरलं. "तुझं पान आहे. तू लिही नाव." मग जरा ओशाळून म्हणाला, "खरं नाव लिही. मला ते कधी कळलंच नाही."

व्यापाऱ्याची ताकीद फुगेवाल्यांना आठवत होती. जास्तीचा एक ठिपकाही नको. स्वयंपाकघराची भिंत डोळ्यांपुढे आली, पातेल्यात पडणारे पापुद्रेही आले. त्यांनी खिशातून रुमाल काढला, घडी करून मनगटाखाली ठेवला, आणि पुलाच्या कठड्याखालच्या मोकळ्या जागेत आपलं नाव आडनावासकट लिहिलं. सावकाश, एकेक वळण घोटून. पेन परत दिलं. चित्रकाराने त्याखाली सही केली आणि शाई वाळेपर्यंत पानावर फुंकर घातली.

व्यापाऱ्याने पान बघितलं आणि कपाळावर हात मारला. "हे वरचं काय? कोणाचं नाव हे?"

"माझं."

"तुम्ही कोण पण?"

"फुगे माझे आहेत," फुगेवाले म्हणाले.

"अहो काका, अनोळखी नाव लिहिलेला अंक कोण घेणार? पाव किंमतसुद्धा येणार नाही आता." त्याने हातमोजे काढून ठेवले. फुगेवाल्यांनी अंक उचलला आणि ते बाहेर पडले. दारातून त्यांनी मागे वळून बघितलं. चित्रकारापुढची रांग पुन्हा जोडली गेली होती आणि कोणीतरी त्याच्याबरोबर फोटो काढत होतं.

घरी बायको वाटच बघत होती. "विकला?"

"नाही. किंमत पडली."

"आज सकाळी तर चढली म्हणत होतात. कशाने पडली?"

"माझ्या नावाने," ते म्हणाले आणि अंक तिच्या पुढ्यात ठेवला.

बायकोने ओल्या भिंतीकडे एकदा बघितलं, हात पुसले, चष्मा लावला आणि शेवटचं पान उघडलं. नवऱ्याचं नाव त्याच्या कामावर लिहिलेलं ती पहिल्यांदाच बघत होती. तिने पान उजेडाकडे धरलं आणि ते नाव दोनदा वाचलं.

"अक्षर सुरेख आलंय हो," शेवटी ती म्हणाली.

फुगेवाल्यांनी खुर्ची जरा जवळ ओढली.

"खालच्या सहीपेक्षा?" त्यांनी विचारलं.