कासारीण मावशीचं मनगट

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर मी आष्ट्यात दवाखाना काढला. गल्लीच्या तोंडाशी एका कासारीण मावशीचं दुकान होतं. एके दिवशी माळ्यावरून बांगड्यांचे खोके उतरवताना ती शिडीसकट खाली आली. सगळा भार उजव्या हातावर पडला आणि मनगट टम्म सुजलं.

मी तिला एक्स-रे काढायला सांगलीला पाठवलं. चिठ्ठीत समोरून एकच फोटो लिहिला. बाजूनेही घ्यायचा असतो हे शिकलो होतो, पण लिहिलं नाही. फोटो आला तो खिडकीशी धरून पाहिला. मनगटाशी मोठ्या हाडाला बारीक चीर होती. ती सापडली आणि माझं पाहणं तिथंच संपलं.

“चीर आसंल, पर आत कायतरी जाग्यावरनं सरकलंय,” मावशी म्हणाली. “तीस वरसं बायकांचे हात दाबून बांगड्या भरतीया मी. मला हाड कळतंय. आन् बोटास्नी मुंग्या येत्यात.”

“सूज आहे मावशी, उतरेल,” म्हणून मी प्लास्टर घातलं.

सहा आठवड्यांनी ते कापलं, तर मूठ वळेना. अंगठ्याखालचं मांस झडलं होतं. मीच तिला एस.टी.ने सांगलीच्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बाजूने फोटो काढला. मनगटाच्या मधलं चंद्रकोरीसारखं लहान हाड निसटून तळहाताकडे आलं होतं आणि बोटांकडे जाणारी नस त्याखाली चेपली होती.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. “पहिल्या आठवड्यात आली असती तर हात बराचसा वाचला असता. आता ऑपरेशन करतो, पण फार आशा धरू नका.” ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्यांनी हाड बसवून तारा घातल्या, नस मोकळी केली. मुंग्या थांबल्या, पण बोटांची जाण पुरती परतली नाही. भरताना गिऱ्हाइकाच्या हातात बांगड्या फुटू लागल्या, तशी मावशीने गादी सुनेला दिली.

मी एकदा दुकानात जाऊन म्हणालो, “मावशी, तुम्ही सांगत होता. मी ऐकलं नाही.”

“व्हय,” ती म्हणाली, “सांगत हुते.”

सुनेने चहा विचारला. मी नको म्हणालो. पुढे त्या घरातलं कोणी माझ्या पायरीशी आलं नाही. साध्या तापालाही ते सांगलीची गाडी धरत.